दोन लाख अडुसष्ट हजार किलोमीटर

२०२२ सालच्या एप्रिलमधली रविवारची दुपार. म्युनिकच्या एका उपनगरात मी एका अनोळखी माणसाच्या अंगणात उभी होते आणि बाबा पिंपरीहून व्हिडिओ कॉलवर होते. समोर गडद निळी बीएमडब्ल्यू ५३०आय. मॉडेल २००१. सहा सिलिंडर, तीन लिटर, २३१ अश्वशक्ती. मीटरवर २,६८,४१२ किलोमीटर. मालक सत्तरी ओलांडलेले निवृत्त शिक्षक. किंमत ५,४०० युरो.

आकडा ऐकून बाबा दचकतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "बरं. वही आहे का गाडीची?"

बाबांनी तीस वर्षं एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये काढली. जिथे गाड्या लाखालाखांनी किलोमीटर मोजतात, तिथे अडीच लाख म्हणजे काय? त्यांच्या लेखी गाडी किती पळाली हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, ती कोणाच्या हातात होती. आणि त्याचं उत्तर तोंडी चालत नाही, ते लिहिलेलं लागतं.

हे मला तेव्हा चांगलंच माहीत होतं, कारण त्याची किंमत मी मोजून झाली होती. जर्मनीत आल्यावर पहिल्याच वर्षी मी एक गाडी घेतली होती. कुठल्या कंपनीची आणि कोणाकडून, ते सोडून देऊ. मीटरवर ९४ हजार, रंग चकाचक, आत नव्या गाडीचा वास. आठ महिन्यांनी बॉनेटखाली एका पाइपामागे अडकलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी सापडली. इथले गॅरेजवाले तेल बदललं की अशी चिठ्ठी इंजिनाजवळ लटकवून ठेवतात. तिच्यावर चार वर्षांपूर्वीची तारीख होती आणि किलोमीटर होते १,७८,०००. मीटर मागे फिरवला होता. तोवर विकणारा दुकान गुंडाळून गेला होता. माझे ३,८०० युरो गेले. आई-बाबांना इथे आणायचं म्हणून जमवलेले पैसे होते ते. त्यांची ट्रिप पुढे गेली.

म्हणून या खेपेला मी गाडी बघायच्या आधी तिचा इतिहास वाचायला बसले. एका गाडीचा म्हणून सुरू केलेला शोध मग सबंध जातीचाच झाला. चार दारं, मागे मुलांची सीट, डिकीत किराणा, आणि तरीही चालवणाऱ्याला घाटात शिट्टी वाजवावीशी वाटेल असं इंजिन. ज्याला आपण स्पोर्ट्स सेडान म्हणतो, ती गाडी आली कुठून? आणि वीस वर्षं जुनी झाल्यावर तिच्यावर भरवसा ठेवायचा तो कशाच्या जोरावर?

बुडता बुडता

आज बीएमडब्ल्यू म्हटलं की पैसा आठवतो. पण १९५९ साली ही कंपनी बुडायला आली होती. एका टोकाला ती ५०१, ५०२ अशा भारदस्त, महागड्या गाड्या बनवायची, ज्यांवर पैसे सुटत नव्हते. दुसऱ्या टोकाला इसेटा. अंड्यासारखी, पुढून दार उघडणारी, इटलीतल्या इझो कंपनीकडून परवाना घेऊन बनवलेली इवलीशी गाडी. मधल्या माणसासाठी, म्हणजे चांगली नोकरी आणि दोन मुलं असलेल्यासाठी, दुकानात जवळजवळ काहीच नव्हतं.

९ डिसेंबर १९५९ ला म्युनिकमध्ये भागधारकांची सभा भरली. कंपनी डाइमलर-बेंझच्या, म्हणजे मर्सिडीजवाल्यांच्या हातात द्यायची असा प्रस्ताव होता आणि तो मंजूर होणार अशीच हवा होती. पण छोटे भागधारक आणि डीलर अडून बसले. फ्रिडरिश माटर्न नावाच्या वकिलाने ताळेबंदावर बोट ठेवलं : नव्या ७०० मॉडेलचा विकासखर्च सगळाच्या सगळा एकाच वर्षाच्या खात्यावर टाकला होता, त्यामुळे तोटा फुगून दिसत होता. हिशेब चुकीचा असेल तर १० टक्के मतांवर सभा तहकूब करता येत होती. ती झाली. पुढे हेर्बर्ट क्वांट या उद्योगपतीने, सगळे नको म्हणत असताना, कंपनीतला आपला हिस्सा वाढवला.

म्हणजे कंपनी वाचली तीसुद्धा वही नीट वाचणाऱ्या एका माणसामुळे. हे वाचताना मला बाबा आठवले.

दोन वर्षांनी, १९६१ च्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात बीएमडब्ल्यूने १५०० नावाची चार दारांची गाडी मांडली. तिच्या मालिकेला त्यांनी 'नॉये क्लासे', म्हणजे 'नवा वर्ग' असं नाव दिलं. हीच मधल्या माणसाची गाडी. आकार कुटुंबाला पुरेल असा, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, आणि आलेक्स फॉन फाल्केनहाउझेन यांनी आखलेलं चार सिलिंडरचं चपळ इंजिन. पुढची सगळी घराणी इथून निघाली.

आणि पहिली १५०० भरवशाची होती का? नव्हती. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये मागचा अ‍ॅक्सल दगा द्यायचा, मागच्या सस्पेन्शनचे आर्म जोडापासून सुटायचे, गिअरबॉक्स कुरकुरायचे. पुढच्या १८०० मॉडेलपर्यंत ही दुखणी निस्तरली गेली. भरवसा या गाड्यांना जन्मतः मिळालेला नाही. रस्त्यावर मोडत, दुरुस्त होत तो आला.

जुना ब्लॉक

फाल्केनहाउझेन यांच्या त्या इंजिनाचं पुढे जे झालं, ती जास्त पळालेल्या गाड्यांच्या इतिहासातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे.

१९८० च्या सुमारास बीएमडब्ल्यू फॉर्म्युला वनमध्ये उतरायच्या तयारीत होती. पाउल रोशे या अभियंत्याने दीड लिटरचं टर्बो इंजिन उभं केलं ते याच जुन्या चार सिलिंडरच्या ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या ओतीव लोखंडी धडावर. शोरूममधल्या सेडानचं धड आणि शर्यतीत त्यातून साध्या गाडीच्या कितीतरी पट ताकद काढायची. १९८३ साली नेल्सन पिके ब्रॅबहॅमच्या गाडीत हे इंजिन घेऊन जगज्जेता झाला. टर्बो इंजिनाने मिळवलेलं ते फॉर्म्युला वनमधलं ड्रायव्हरांचं पहिलं अजिंक्यपद.

या इंजिनाबद्दल म्युनिकमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. शर्यतीसाठी कोरे ब्लॉक घेतले तर ते टिकत नसत, म्हणून रस्त्यावर लाखभर किलोमीटर पळालेल्या गाड्यांचे जुने ब्लॉक शोधून आणले जात. सांगणारे तिला मीठमसाला लावतात, तो आपण बाजूला ठेवू. पण तिच्यामागचं शास्त्र खरं आहे. लोखंड साच्यात ओतलं की ते सगळीकडे एकसारखं थंड होत नाही. जाड भाग उशिरा, पातळ भाग लवकर. त्यामुळे धातूच्या आत ताण अडकून राहतात. हजारो वेळा तापून थंड झाल्यावर ते सैल होतात आणि धड स्थिर होतं. नव्या लाकडाचं दार पहिल्या पावसाळ्यात फुगतं, जुनं मुरलेलं फुगत नाही, तसंच थोडंसं.

बाबांना ही गोष्ट सांगितली तर ते हसले. "अगं, ब्लॉक कधीच मरत नाही. मरतं ते त्याच्या आजूबाजूचं."

'आजीवन' म्हणजे कोणाचं जीवन?

आजूबाजूचं म्हणजे काय, ते समजायला डिंगोल्फिंगला जावं लागतं. म्युनिकच्या ईशान्येला इझार नदीकाठचं हे छोटं गाव. इथे ग्लास नावाचा कारखाना शेतीची पेरणीयंत्रं बनवायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तो स्कूटरकडे वळला आणि १९५५ पासून गोगोमोबिल नावाची चिमुकली गाडी काढू लागला. १९६६ मध्ये बीएमडब्ल्यूने तो विकत घेतला. १९७२ मध्ये, म्युनिकच्या ऑलिम्पिकच्या वर्षी, पहिली ५ सीरीज आली आणि पुढच्याच वर्षी डिंगोल्फिंगच्या नव्या कारखान्यातून ती बाहेर पडू लागली. १९८५ मध्ये याच साध्यासुध्या दिसणाऱ्या गाडीत एम१ या स्पोर्ट्स कारच्या घराण्यातलं २८६ अश्वशक्तीचं इंजिन बसवून पहिली एम५ हाताने जोडली गेली. शेजाऱ्याला वाटावं की साहेब ऑफिसला निघालेत, आणि साहेबांनी हायवेवर पोर्शे मागे टाकावी.

मी जी गाडी बघत होते ती चौथ्या पिढीची, ई३९. १९९५ ते २००४ या काळात अशा सुमारे १५ लाख गाड्या बनल्या. पुष्कळ जण हिला ५ सीरीजमधली सर्वांत देखणी म्हणतात, आणि स्टिअरिंग हातात घेतलं की ते पटतं. तिच्या सस्पेन्शनमध्ये अ‍ॅल्युमिनियम भरपूर वापरलं, त्यामुळे चाकांकडचं वजन कमी झालं आणि गाडी रस्त्याला चिकटून चालू लागली.

पण याच काळात गाड्यांमध्ये प्लास्टिकही शिरलं. रेडिएटरच्या टाक्या, कूलंटचा डबा, थर्मोस्टॅटचं घर. भरीला, इंधन वाचावं आणि धूर स्वच्छ यावा म्हणून या काळातली इंजिनं पूर्वीपेक्षा जास्त तापमानावर चालवली जाऊ लागली. रोज तापायचं, रोज निवायचं. दहाएक वर्षांत प्लास्टिक ठिसूळ होतं आणि एका दिवशी, बहुधा हायवेवर, तडकतं. कूलंट वाहून जातं. काटा लालमध्ये गेल्यावर चालवणाऱ्याने आणखी चार किलोमीटर रेटले, की इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं. शंभर युरोचा डबा, आणि त्याच्यापायी हजारो युरोंचं इंजिन जातं. म्हणून या गाड्या सांभाळणारे जाणकार सगळी कूलिंग सिस्टीम फुटायची वाट न बघता ठरावीक अंतराने बदलून टाकतात. इथे एक गोष्ट लक्षात घ्या : प्लास्टिक आणि रबर किलोमीटर मोजत नाहीत, वर्षं मोजतात. वीस वर्षं शेडमध्ये झाकून ठेवलेली 'फक्त ६० हजार पळालेली' गाडीही यातून सुटत नाही.

दुसरं उदाहरण गिअरबॉक्सचं. त्या काळात अनेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाला 'लाइफटाइम', आजीवन, म्हटलं गेलं. बदलायची गरज नाही. आणि झेडएफ ही जी जर्मन कंपनी असे गिअरबॉक्स बनवते, ती स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान तेल बदला. मग आजीवन म्हणजे कोणाचं जीवन? जर्मनीत नोंदवल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांतल्या निम्म्याहून जास्त कंपन्यांच्या नावावर असतात. साहेब तीन-चार वर्षं वापरतो आणि परत देतो. त्याच्या दृष्टीने ते तेल आजीवनच. दुसऱ्या मालकालाही कदाचित पुरतं. बिल तिसऱ्याच्या दारात येतं, आणि तो तिसरा म्हणजे तुम्ही-आम्ही.

तिसरं उदाहरण सगळ्यात विचित्र. नव्वदच्या दशकात बीएमडब्ल्यूने काही इंजिनांच्या सिलिंडरना आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा दिला. त्याला निकासिल म्हणतात. हलका, घर्षण कमी, जर्मनीत उत्तम. पण ब्रिटन आणि अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये गंधक जास्त होतं. त्यातून बनणाऱ्या आम्लाने निकेल खाल्लं, कॉम्प्रेशन गेलं, गाड्या सकाळी सुरू होईनात. कंपनीला इंजिनं बदलून द्यावी लागली आणि शेवटी हा मुलामा सोडून द्यावा लागला. गाडी तीच, कारखाना तोच. एका देशात भरवशाची आणि दुसऱ्या देशात बिनभरवशाची. "ही गाडी रिलायबल आहे का?" असं कोणी विचारलं की मला आता हे गंधक आठवतं. कुठे, कोणाकडे, कशावर चालली, हे विचारल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तर नाही.

किलोमीटरचंही तसंच. थंड इंजिन सुरू करून दोन किलोमीटरवर दुकानात जायचं आणि बंद करायचं, यात तेल धड तापतही नाही, त्यात शिरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, झीज जास्त होते. उलट हायवेवर एका दमात तीनशे किलोमीटर गेलेली गाडी एकदाच थंड सुरू झालेली असते. मीटरला हा फरक दिसत नाही.

बॉयलर ते ब्रेक

मग विश्वास ठेवायचा कशावर? जर्मनीत याचं एक उत्तर आहे आणि ते गाड्यांपेक्षा जुनं आहे.

१८६५ मध्ये मानहाइम शहरातल्या एका ब्रुअरीत वाफेचा बॉयलर फुटला. असे स्फोट तेव्हा नवे नव्हते. पण पुढच्या वर्षी तिथल्या बॉयलरमालकांनी एकत्र येऊन एक संघ काढला. स्वतःचा बॉयलर त्रयस्थ माणसाकडून ठरावीक काळाने तपासून घ्यायचा, आणि जे सापडेल ते लिहून ठेवायचं. अशा संघांतूनच पुढे आजची टीयूव्ही ही तपासणी संस्था उभी राहिली. १९५१ पासून जर्मनीत मोटारींची ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची झाली. आज साध्या कारला नवी असताना तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासणीला जावं लागतं. ब्रेक, सांगाड्याचा गंज, सस्पेन्शन, धूर. आणि प्रत्येक रिपोर्टवर त्या दिवसाचे किलोमीटर छापलेले असतात.

म्हणूनच इथे मीटर मागे फिरवणाऱ्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे जुने कागद. २००५ पासून मीटरशी छेडछाड हा जर्मनीत स्वतंत्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा चोर पकडल्यावर कामाला येतो. कागद त्याच्या आधी येतो. पहिल्या गाडीच्या वेळी मी जुने रिपोर्ट मागितलेच नव्हते. मी रंग पाहिला होता.

वही

तर त्या रविवारी बाबांनी वही विचारली आणि मी तोच प्रश्न मास्तरांना जर्मनमध्ये विचारला. त्यांनी आतून दोन जाडजूड फायली आणल्या. पहिल्या तीन वर्षांत गाडी एका कंपनीची होती, १ लाख १० हजार किलोमीटर त्या तीन वर्षांतच झालेले, सगळे हायवेचे. नंतर ती मास्तरांची. प्रत्येक तेलबदलाचं बिल. टीयूव्हीचे सगळे रिपोर्ट, आकडे एकामागून एक चढत गेलेले. २०१० मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, डबा, सगळे होज नवे. काही फुटलं म्हणून? मी विचारलं. मास्तर म्हणाले, नाही, वेळ झाली होती म्हणून.

मी एकेक बिल कॅमेऱ्यासमोर धरत होते. बाबांना जर्मन येत नाही, पण तारखा आणि आकडे येतात. मग त्यांनी मला इंजिन थंड असल्याची खात्री करायला लावली, ते सुरू करायला लावलं आणि फोन बॉनेटजवळ धरून दोन मिनिटं गप्प बसायला सांगितलं. तेल भरायचं झाकण उघडून आतून दाखव. जॅक लावायच्या जागा बोटाने दाबून बघ, गंज आहे का. कार्पेटखाली ओल? ड्रायव्हरच्या सीटची कड किती झिजली आहे, ती त्या किलोमीटरला शोभते का?

सगळं बघून झाल्यावर मी म्हटलं, "बाबा, याच पैशात १ लाख १५ हजारवाली दुसरी एक मिळतेय. दिसायला हिच्याहून नवी आहे."

"तिची वही?"

"हरवली म्हणतात."

बाबा काही बोलले नाहीत. त्यांना बोलायची गरजही नव्हती.

गाडी घेतली. पहिल्या वर्षात तिच्यावर आणखी २,१०० युरो खर्च झाले : पुढचे बुश आणि आर्म, चार टायर, ब्रेकच्या डिस्क, क्रँककेसचे रबरी व्हेंटचे पाइप. त्या वयाच्या कुठल्याही गाडीला हे लागतंच, आणि हा खर्च मी किंमत ठरवतानाच धरला होता. तुम्ही अशी गाडी घ्यायचा विचार करत असाल तर एवढं सांगते : किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे पैसे बाजूला नसतील, तर घेऊ नका. एकेकाळची महागडी गाडी विकत स्वस्तात मिळते, पण तिचे पार्ट महागड्या गाडीचेच राहतात. आणि ज्याच्याकडे दुसरं वाहन नाही, रोज सकाळी आठला कामावर पोचायचंच आहे, त्यानेही नीट विचार करावा. ही गाडी भरवशाची आहे ती कोणीतरी तिच्याकडे बघत असतं तोवरच.

२०२३ च्या मे महिन्यात आई-बाबा आले. विमानतळावरून त्यांना मी याच गाडीतून आणलं. आई मागे बसून बाहेरची शेतं बघत होती. बाबा पुढे बसले होते आणि बाहेर अजिबात बघत नव्हते. त्यांचे कान इंजिनाकडे होते. विसेक किलोमीटर झाल्यावर म्हणाले, "चांगली ठेवलीये त्या मास्तरनं."

पुढच्या शनिवारी आम्ही तासाच्या भाड्याने मिळणारं एक गॅरेज घेतलं. इथे अशी गॅरेजं असतात, लिफ्ट आणि हत्यारं त्यांची, हात आपले. बाबा गाडीखाली उभे राहिले, निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच. तेल काढलं, फिल्टर बदलला, नवं तेल ओतलं. जुनं तेल त्यांनी दोन बोटांत चोळून पाहिलं, वास घेतला आणि मान डोलावली. हात पुसून म्हणाले, "वही कुठाय?"

मास्तरांची फाईल मी डिकीतच ठेवते. बाबांनी शेवटच्या बिलाच्या खालच्या कोऱ्या कागदावर, वर्कशॉपात लिहायचे तशा ठसठशीत अक्षरात मराठीत लिहिलं : इंजिन तेल व फिल्टर बदलला. गळती नाही. किमी २,८२,९०६. खाली तारीख आणि सही.

पुढच्या मालकाला ते वाचता येणार नाही. पण आकडा कळेल.